सुरक्षित, पण कोणासाठी?



महाविद्यालयातल्या मुलांसाठी आपण लैंगिकतेवर जी शिबिरं घेतो, त्यांत दुसऱ्या दिवशी प्रश्नपेटी फिरवायची पद्धत आहे. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. चिठ्ठ्यांत काय निघतं ते तुमच्यापैकी अनेकींना पाठ असेल. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, पहिल्या वेळी रक्त यायलाच हवं का, वगैरे. यंदा एका चिठ्ठीत निळ्या शाईत, नीटस अक्षरात लिहिलेलं होतं : 'एस्कॉर्टकडे जायचं तर एजन्सीमार्फत जाणं सुरक्षित, की स्वतंत्र काम करणारीकडे?'

माझ्याबरोबरची कार्यकर्ती म्हणाली, "फाडून टाक ती." मी फाडली नाही, पर्समध्ये ठेवली. राग मलाही आला होता. स्कूटर शोरूममधून घ्यावी की ओळखीच्याकडून, अशा सुरात विचारलेला प्रश्न होता तो. पण राग ओसरल्यावर जाणवलं, की बाईला यातलं काय सुरक्षित, हे आपणही कधी विचारलेलं नाही. हा व्यवसाय असावा की नसावा यावर आपण रात्र-रात्र वाद घातले, ठराव केले. जी आज, आत्ता तो करते आहे तिने एकटीने करावा, कुणाच्या हाताखाली करावा, की चौघींनी मिळून करावा, हा प्रश्न आपल्या बैठकीत आलाच नाही.

म्हणून ती चिठ्ठी मी आमच्या मंगळवारच्या गटात वाचली. तिथे हे काम करणाऱ्या सात-आठजणी येतात. आधी खूप हसल्या. मग एक म्हणाली, "त्याला सांगा, एजन्सी म्हणजे काही हापिस नसतं." खरंच नसतं. एजन्सी म्हणजे बहुतेक वेळा दोन-तीन फोन बाळगणारा एक माणूस, ओळखीचं लॉज, एक गाडीवाला आणि फोटोंचा साठा. फोटो पुष्कळदा भलत्याच बाईचे. पैसे गिऱ्हाइकाकडून तो घेतो, बाईच्या हातात उरलेले ठेवतो. निम्मे मिळाले तरी नशीब. पण त्याने गिऱ्हाइकाचा आवाज ऐकलेला असतो, त्याचा नंबर घेतलेला असतो, आणि ती कुठल्या खोलीत गेली हे जगात एका माणसाला तरी ठाऊक असतं. ती कमिशन देते ते एवढ्यासाठी. निरोध न वापरणाऱ्याला तिने परत पाठवलं, तर मात्र पुढच्या आठवड्यात तिला फोन येत नाही.

स्वतंत्र काम करणारीचा दर तिचा, वेळ तिची, 'नाही'सुद्धा तिचं. पण दार उघडायचं ते एकटीने. आत येणारा दारू पिऊन आला आहे का, एकटाच आला आहे का, हे दार उघडल्यावरच कळतं. आणि गंमत अशी, की 'स्वतंत्र' म्हणून दिलेल्या नंबरामागेही बऱ्याचदा तोच दोन फोनवाला असतो. म्हणजे चिठ्ठीतल्या मुलाला जी निवड करायची आहे, ती त्याला बाहेरून दिसतच नाही.

जुन्या वस्त्यांबद्दल गटातल्या वयस्क बाया वेगळं बोलतात. घरवालीचा जाच, कर्ज, विकून आणलेल्या पोरी, हे सगळं त्यांनी पाहिलेलं, भोगलेलं आहे. कुणी त्याचे गोडवे गात नाही. पण गल्लीत एकीने आरडाओरड केली की दहाजणी धावायच्या. सांगलीत १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, ती अशा वस्तीच्या जोरावरच. गोव्यात बायणा किनाऱ्यावरची वस्ती २००४ मध्ये पाडली गेली, नागपूरच्या गंगाजमुनेत २०२१ मध्ये पोलिसांनी रस्ते बंद केले. दोन्ही वेळा टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. वस्ती मोडली म्हणून धंदा थांबत नाही, तो लॉजमध्ये आणि फोनवर जातो. तिथे धावून यायला शेजारीण नसते.

यावर तोडगा म्हणून आमच्या गटातल्या तिघींनी एक खोली भाड्याने घेतली. दलाल नको, घरवाली नको. एकीकडे गिऱ्हाईक असेल तेव्हा दुसरी स्वयंपाकघरात थांबायची. भाडं तिघींत. दोन वर्षं हे नीट चाललं.

मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाने त्यांच्यातल्या एकीला पट्ट्याने मारलं, तिच्यावर जबरदस्ती केली आणि जाताना कपाटातले पैसे नेले. इतर दोघी बाजारात गेल्या होत्या. ती आमच्याकडे आली तेव्हा पाठीवरचे वळ ताजे होते. मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. समाजकार्याची पदवी, दहा-बारा वर्षांचा अनुभव, कायद्याचं पुस्तक, सगळं घेऊन गेले. अधिकाऱ्याने शांतपणे दोनच प्रश्न विचारले. खोली कोणाच्या नावावर आहे? आणि तिथे आणखी कोण राहतं?

तिने माझ्याकडे पाहिलं. मीही काही बोलले नाही. आम्ही उठून बाहेर आलो.

का, ते सांगते. १९५६ च्या कायद्याने (१९८६ च्या दुरुस्तीनंतर आपण ज्याला 'पिटा' म्हणतो तो) एकटी सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने, चार भिंतींच्या आत हे काम करते म्हणून गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये तीन तरुणींची सुधारगृहातून सुटका करताना हे स्पष्ट सांगितलं. पण याच कायद्याने केलेली कुंटणखान्याची व्याख्या वाचा. दुसऱ्याच्या फायद्यासाठी वापरलेली जागा तर त्यात येतेच. दोन किंवा अधिक वेश्यांच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेली जागाही येते. म्हणजे तिघींनी मिळून घेतलेली, एकमेकींवर लक्ष ठेवणारी ती खोली कायद्याच्या लेखी कुंटणखाना, आणि मैत्रिणी कुंटणखाना चालवणाऱ्या! या बाईच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरची कुणीही व्यक्ती गुन्हेगार ठरू शकते, मग ती तिची म्हातारी आई का असेना. गिऱ्हाइकाला खुणावल्याबद्दल बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद; तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने. हा फरक कायद्यात छापलेला आहे.

तेव्हा बाईपुढे उरतं काय? एकटीने करावं, तर कायदा सोडतो पण गिऱ्हाईक सोडत नाही. दलालाकडे जावं, तर कमाईही जाते आणि 'नाही' म्हणायची मुभाही. आणि ज्या तिसऱ्या वाटेवर ती त्यातल्या त्यात सुरक्षित आहे, ती वाट कायद्याने बंद. न्यूझीलंडने २००३ च्या कायद्यात नेमकी हीच वाट मोकळी ठेवली. चारपर्यंत बायका, प्रत्येकीच्या कमाईवर तिचा स्वतःचा ताबा, तर परवाना लागत नाही. तिथेही सगळं आलबेल नसणार. पण मार खाल्लेल्या बाईला तक्रार देताना मैत्रिणीला तुरुंगात धाडायची भीती नसावी, एवढं तरी त्यातून साधतं.

आपल्यात यावर एकमत नाही, हे मला ठाऊक आहे. हा व्यवसायच बाईवरची हिंसा आहे असं मानणाऱ्या मैत्रिणी आपल्या संपादक मंडळात आहेत, आणि बाजारात पुरुष बाईची निवड करतो या दृश्याची त्यांना येणारी शिसारी मलाही येते. पण आपली चळवळ उभी राहिली ती मथुरा प्रकरणातून. त्या मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, असं म्हणून सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये पोलिसांना सोडलं, तेव्हा आपण रस्त्यावर आलो... खरं तर तेव्हाही नाही, सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना सोडल्यावर, चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये खुलं पत्र लिहिलं त्यानंतर. मग जिला रोजचीच 'सवय' आहे तिच्यावरच्या बलात्काराबद्दल आपण इतक्या गप्प का?

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये राज्यांना निर्देश दिले : पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावं, निरोध सापडणं हा पुरावा मानू नये, सुधारगृहांत मर्जीविरुद्ध डांबलेल्या सज्ञान स्त्रियांचा आढावा घेऊन त्यांना सोडावं. समितीच्या इतर काही शिफारशींवर केंद्र सरकारने हरकत नोंदवली. कुंटणखान्याची व्याख्या आहे तिथेच आहे. ती बदलण्याची मागणी तरी आपण एकमुखाने करू शकतो का? व्यवसायाबद्दलचं मत बाजूला ठेवून?

राहिला तो चिठ्ठीवाला. पुढच्या सत्रात मी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, सुरक्षित म्हणजे कोणासाठी? वर्ग गप्प झाला. मग मी त्यांना सांगितलं, की समोरची बाई स्वखुशीने आली आहे की धाक दाखवून आणलेली आहे, हे एजन्सी तुम्हाला सांगणार नाही आणि 'स्वतंत्र' या शब्दावरूनही ते कळणार नाही. तिला पळवून, फसवून आणलं आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना तुम्ही गेलात, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १४४ खाली तुम्ही गुन्हेगार आहात. ती अठराच्या आतली असेल तर तिच्या संमतीला कायद्यात अर्थच नाही. निरोधावर घासाघीस करता येत नाही. आणि पैसे दिले म्हणून तिचं 'नाही' विकत घेतलं जात नाही. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, मग ती तक्रार का करत नाही?" मी त्यांना खोलीची गोष्ट सांगितली.

तिघींनी ती खोली सोडली. दोघी गावी गेल्या. मार खाल्लेली आता एकटी राहते, आणि सध्या कमिशनवर काम घेते. मंगळवारी अजून येते.

तुमच्या गावात, तुमच्या गटात अशा बाया असतील तर त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत आम्हाला लिहून पाठवा. नावं छापणार नाही. पुढच्या अंकाची निम्मी पानं आम्ही त्यासाठी ठेवतो आहोत.