सोसायटीला दाखला, आपल्याला तारीख

सहकाराची माझ्यापुरती व्याख्या अशी : मालगुजारी गेली तरी गावातल्या ज्या चार घरांनी तलाव, बांध्या आणि पाटीलकी हातची सुटू दिली नाही, त्यांनीच पुढं सोसायटीही सुटू दिली नाही. पुस्तकातली व्याख्या वेगळी आहे. तीही सांगतो, कारण भांडण तिच्याच जोरावर करायचंय.

पुस्तक म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत माल उचलतो. रात्रपाळीत बोट लागली नाही की शेडच्या दिव्याखाली बसून हे पुस्तक वाचलं. कविता करणाऱ्यानं कायदा वाचू नये, भाषा मरते, असं आपल्यातलेच काही कवी म्हणतात. त्यांच्या बापाच्या सातबाऱ्यावर बोजा चढला नसेल.

तर पुस्तकात कलम २७. एका सभासदाला एकच मत. शेअर एक असो की शंभर असोत. राईस मिलवाला आणि त्याची बांधी रोवणारी बाई, दोघांचं मत सारखं. वाचायला झकास आहे. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन सरकारच्या मालकीची आणि शेती सामुदायिक असावी अशी मागणी केली होती. ती कुणी मानली नाही. आपल्या वाट्याला आली ती सोसायटी. तिच्यात निदान मत तरी सारखं, असं समजून चालायचं. आणि मत काय चीज असते हे आमच्या मुलखाला कुणी शिकवू नये. गोंदिया भंडाऱ्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला १९९९ साली. त्याआधीचा तो अखंड भंडारा, जिथं १९५४ च्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब पडले.

आता मत सारखं म्हटल्यावर गावच्या धन्यांनी काय करावं? मताला हात लावता येत नाही. मग यादीला लावायचा. सभासदच होऊ द्यायचं नाही.

आमच्या गावचंच सांगतो. गावाचं नाव घेत नाही, सोसायटीचंही नाही. बा चार वर्षं अर्जासाठी फिरला. दीड एकर धानाची बांधी बापाच्या नावावर आहे, सातबारा आहे, म्हणजे लायकीत काही कमी नाही. पहिल्या वर्षी गटसचिव बाहेरगावी. दुसऱ्या वर्षी "फारम सरले म्हनते पोरा". तिसऱ्या वर्षी आमसभा झाल्यावर बघू. चौथ्या वर्षी अर्ज घेतला, पोच दिली नाही. बौद्ध मोहल्ल्यातली सगळ्या घरांची हीच गत. कुणीही तोंडावर जात काढली नाही. जात काढायची गरजच काय? फॉर्म संपतात, तेवढं पुरतं.

यात जातं काय? सोसायटीचं पीककर्ज जातं. मुदतीत फेडलं तर व्याज सवलत योजनेत ते तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं, आणि बा मात्र पऱ्हे टाकायच्या वेळी सावकाराच्या ओट्यावर. त्याहून मोठं म्हणजे मत जातं. संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमाती मिळून एक जागा राखीव ठेवलीय कलम ७३-ब नं. यादीत आपले दोघंच असले, आणि ते दोघंही धन्याच्या गोठ्यातले, तर त्या राखीव जागेवर कोण बसणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मग तुम्ही म्हणाल, कोर्ट आहे ना. आहे. सहकाराचं खास कोर्ट आहे, सहकारी न्यायालय. आधी असले वाद निबंधक नाहीतर त्याचा नेमलेला माणूस मिटवायचा. १९७४ च्या दुरुस्तीनं त्यासाठी कोर्टच उभं केलं. कलम ९१. संस्थेची घटना, निवडणूक, सभेचं कामकाज, कारभार, धंदा यांतला कुठलाही वाद, संस्था आणि सभासद, माजी सभासद, मेलेल्या सभासदाचा वारस, यांनी तिथंच न्यायचा. दिवाणी कोर्टाचं दार कलम १६३ नं बंद. निकाल पटला नाही तर दोन महिन्यांत अपील, आणि अपिलाच्या कोर्टाचं मुख्य ठाणं मुंबईत. विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर बसा. तरी म्हणू, कोर्ट ते कोर्ट. समोर खुर्चीवर बसणारा माणूस सोसायटीच्या चहाला मिंधा नसतो.

पण ९१ च्या पोटात शिरा. तिथं एक यादी आहे, कशाला 'वाद' म्हणायचं नाही याची. औद्योगिक तंटा वाद नाही. ठीक, त्याचं कोर्ट वेगळं. निवडणुकीत उमेदवारी अर्ज फेटाळला, वाद नाही. लायक माणसाला सभासदत्व नाकारलं, वाद नाही. कलम १०१ च्या दाखल्यावरची वसुली, वाद नाही.

दोस्तहो, हे परत वाचा. आपल्यासारख्याचं सोसायटीशी भांडण होतं कशावरून? आत घेत नाहीत म्हणून. उभं राहू देत नाहीत म्हणून. आणि वसुलीला दारात येतात म्हणून. नेमकं हेच तिन्ही कायद्याच्या भाषेत वाद नाही! ही यादी जातीनं बनवली असं मी म्हणत नाही. बनवणाऱ्यांच्या डोक्यात आपण नव्हतोच, असं म्हणतो. घराच्या आतल्यांची भांडणं कोर्टाला दिली. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्याला दिला निबंधक.

आता १०१ बघा. सोसायटीला पैसे वसूल करायचेत. तिनं कोर्टात जायचं कारण नाही. निबंधकाकडं अर्ज, थकबाकीचा उतारा, चौकशी, की वसुलीचा दाखला हातात. तो दाखला म्हणजे थकबाकीचा निर्णायक पुरावा, आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. जप्ती, लिलाव. माझा काका दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला. कर्ज काढणारा सुरतेला पळाला, दाखला काकाच्या नावावर निघाला. चौकशीची नोटीस कधी आली हे घरात कुणाला आठवत नाही. काका म्हणाला, वर दाद मागू. मागता येते, कलम १५४ खाली. फक्त आधी निम्मी रक्कम भरायची. पन्नास टक्के. कुठं भरायची? ज्या सोसायटीविरुद्ध दाद मागतोस तिच्याकडंच! मी गोदीत हे वाचून दाखवलं तेव्हा टोळीतला एक उत्तर भारतीय भाई हसत सुटला. त्याला वाटलं मी कविता वाचतोय.

काकानं दाद मागितली नाही. म्हैस विकली आणि भरत बसला.

म्हणजे सोसायटीला आपल्याकडून काही हवं असेल तर दाखला. आपल्याला सोसायटीकडून काही हवं असेल तर तारीख. बुडव्यांना सोडा असं मी म्हणत नाही. सोसायटीतला पैसा गरिबाचाही असतो, आणि मोठे बुडवे कोण हे गावाला माहीत असतं. पण दाखला पहिला कुणावर निघतो ते बघा. बागायतदारावर निघतो की दीड एकरवाल्यावर, तुम्हीच चौकशी करा आपापल्या गावात.

वरच्या कोर्टाकडूनही फार आस धरू नका. २००५ साली सुप्रीम कोर्टापुढं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा खटला होता. सभासद फक्त पारशीच, असा तिचा उपविधी. कोर्टानं तो चालवून घेतला. एका बंधानं बांधलेल्या माणसांनी आपली संस्था आपल्यापुरती ठेवली तर हरकत नाही, असा एकूण मथितार्थ. पारशी मूठभर आहेत, त्यांची धास्ती मला कळते. पण तेच दार उद्या जानवेवाला, पाटील, शेठ वापरणार नाही कशावरून? त्यांचाही बंध आहेच की. त्याला आपण जात म्हणतो.

तरीही पुस्तक फेकू नका. त्यात एक फट आहे, कलम २३ (१अ). सोसायटी अर्ज किंवा पैसे घेतच नसेल तर दोन्ही थेट निबंधकाकडं भरता येतात. त्यानं तीस दिवसांत ते सोसायटीकडं धाडायचे. सोसायटीनं साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर माणूस सभासद झाल्याचं धरलं जातं. नकार कळवला तर दोन महिन्यांत निबंधकाकडं अपील. झाला की नाही असा प्रश्न उठला तर पुन्हा निबंधकच ठरवणार, हे खरं. पण तोंडी "फारम सरले" पेक्षा लेखी नकार केव्हाही बरा. लेखी नकाराला कारण द्यावं लागतं, आणि कारण लिहायला बसले की यांचा हात थरथरतो.

माझं म्हणणं एवढंच की ही तीन कामं खुर्चीवरच्या अधिकाऱ्याकडून काढून सहकारी कोर्टाकडं द्या. नाकारलेलं सभासदत्व, नाकारलेली उमेदवारी, आणि १०१ च्या दाखल्याविरुद्धची दाद. पन्नास टक्क्यांची अट छोट्या शेतकऱ्याला आणि जामीनदाराला उठवा. आणि ते कोर्ट तालुक्याला येऊन बसू दे महिन्यातून दोन दिवस. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव इथल्या माणसाची एक दिवसाची मजुरी गेली की त्या दिवशी चूल पेटत नाही. त्याला कोर्टाकडं बोलावण्यापेक्षा कोर्टाला त्याच्याकडं पाठवणं स्वस्त पडेल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर मुंबई-नागपूरला राहणाऱ्या आपल्या मॅट्रिक, बी.ए. पोरांनी मोर्चाच्या रजेत एक दिवस अधिक धरावा. मी रोवणीआधी गावी चाललोय. मोहल्ल्यातले सतरा अर्ज लिहून तयार आहेत, सातबारा जोडून. सहाय्यक निबंधकाच्या टेबलावर सतराही एकाच दिवशी जातील, आणि सतरा पोचा घेतल्याशिवाय आम्ही कचेरीच्या पायरीवरून उठणार नाही.