अळिंबी, बचत गट आणि बाईचा 'फावला वेळ'

बायकांना सुचवल्या जाणाऱ्या जोडधंद्यांची यादी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पापड, लोणची, मसाले, उदबत्त्या, शिवणयंत्र, कोंबड्या, शेळ्या. गेली काही वर्षं या यादीत अळिंबीची भर पडली आहे. भाताचा पेंढा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, थोडं बियाणं आणि घराचा एखादा अंधारा कोपरा एवढं असलं की फावल्या वेळात घरबसल्या उत्पन्न, असं प्रशिक्षणात सांगितलं जातं. मी एम.एस.डब्ल्यू. करून गेली आठ वर्षं जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे. अळिंबी इथे चांगली येते, हे मी पाहिलं आहे. माझा आक्षेप अळिंबीवर नाही. तो 'फावला वेळ' आणि 'घरबसल्या' या दोन शब्दांवर आहे.

आधी धंदा काय आहे ते समजून घेऊ. हिमाचलच्या थंड डोंगरात, सोलनच्या बाजूला, बटण अळिंबीचा जम बसला. आपल्या पठारावर सोपी पडते ती धिंगरी. तिला थंडी फारशी लागत नाही, ओल मात्र भरपूर लागते. पेंढ्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे करायचे, रात्रभर भिजवायचे, मग गरम पाण्यातून काढून निर्जंतुक करायचे. पाणी निथळलं की पिशवीत पेंढ्याचा एक थर, बियाण्याचा एक थर, असं भरत जायचं. बियाणं म्हणजे ज्याला सगळे स्पॉन म्हणतात ते. पंधरा-वीस दिवस पिशव्या अंधारात ठेवल्या की आत पांढरी बुरशी पसरते. मग प्लॅस्टिक फाडायचं आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं. आठ-दहा दिवसांत पहिली तोड मिळते आणि पुढे आणखी दोन-तीन. एक किलो कोरड्या पेंढ्याला सगळ्या तोडी मिळून अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी धरावी.

आता हे काम बाईच्या वर्षात बसवून पाहू. हवेतली ओल फुकट मिळते ती जून ते सप्टेंबर. पण जुलै हा आवणीचा महिना. त्या दिवसांत बाई पहाटे भाकऱ्या थापून चिखलात उतरते ती अंधार पडेपर्यंत. शिवाय पावसात पेंढा कोरडा ठेवणं कठीण, हिरवी बुरशी आणि माश्या जास्त, आणि न खपलेली अळिंबी वाळवायला ऊन नाही. दिवाळीनंतर कापणी-झोडणी उरकते, नवा पेंढा हाताशी येतो. पण तोवर वीटभट्टीचा बयाणा घेतलेली घरं पाडा सोडून निघालेली असतात. मार्चपासून विहिरी तळाला जातात. ज्या बाईला प्यायच्या पाण्यासाठी दोन खेपा कराव्या लागतात, तिने पिशव्यांवर दिवसातून तीनदा पाणी फवारायचं ते कुठलं? म्हणजे या पठारावर धंदा नीट बसतो तो ऑक्टोबरअखेरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. बारमाही उत्पन्नाची भाषा करणाऱ्याने इथल्या बाईचं कॅलेंडर पाहिलेलं नाही.

पेंढाही फुकट नसतो. तो गुरांना लागतो, राबाला लागतो, घर शाकारायला लागतो. तो कुणाला द्यायचा हे घरातला पुरुष ठरवतो. पाणी गरम करायला सरपण लागतं, आणि मोळी येते बाईच्याच डोक्यावरून. सरपण वाचवायचं तर बाविस्टिन आणि फॉर्मेलिनच्या पाण्यात पेंढा भिजवण्याची पद्धत शिकवली जाते. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणारं रसायन ठरवलं आहे. त्यात हात घालणारी बाई हातमोजे घालते का, तान्ह्याला पाजते का, हे कुणी विचारत नाही. चुन्याच्या पाण्यात पेंढा भिजवण्याची तिसरी वाट आहे. तिला सरपण लागत नाही आणि विषही नाही. चुना हात भाजतो, म्हणून हातमोजे तिथेही हवेतच. पण गटांनी आधी ही वाट दहा-वीस पिशव्यांवर करून पाहावी, असं मला वाटतं.

आणि तो 'घराचा अंधारा कोपरा'! कुडाच्या दोन खणांच्या घरात अंधारा कोपरा म्हणजे जिथे लेकरं झोपतात तीच जागा. धिंगरी तयार झाली की तिचे अतिसूक्ष्म बीजकण हवेत उडतात. बंद जागेत रोज ते श्वासातून जात राहिले तर काही जणींना खोकला, ताप, धाप लागते. अळिंबी कामगारांमधलं फुप्फुसाचं हे दुखणं डॉक्टरांना फार वर्षांपासून माहीत आहे. छत्रीची कड सरळ व्हायच्या आत तोडणं, नाकाला फडकं बांधणं, हवा खेळती ठेवणं आणि पिशव्या राहत्या घरात मुळीच न ठेवणं, ही खबरदारी प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला सांगायला हवी.

आता हिशेब मांडू. एका बाईने घरी ५० पिशव्या लावल्या, पिशवीत एक किलो कोरडा पेंढा, आणि सगळ्या तोडींची मिळून ३० किलो अळिंबी आली असं धरा. भाव किलोला १५० रुपये धरला तर ४,५०० रुपये झाले. बियाणं, पिशव्या, पेंढा, गाडीभाडं यांचे १,५०० गेले, उरले ३,०००. यासाठी ती दोन महिने रोज दोन तास राबली, म्हणजे १२० तास. तासाला २५ रुपये, आठ तासांना २००. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे बाई मातीकामाच्या मजुरीपेक्षाही स्वस्तात राबली, आणि वर आपण तिला 'उद्योजिका' म्हणून हार घातला. तिच्या तासांची किंमत शून्य धरली तरच हा धंदा फायद्याचा दिसतो. 'फावला वेळ' हा शब्द नेमकं तेच काम करतो.

हाच धंदा गटाने एका जागी केला तर? ३०० पिशव्यांची एक शेड धरा. पेंढा एकदम भिजतो, पाणी एकाच पिंपात, बाजाराला सगळ्यांचा माल घेऊन एकच जण जाते. पाळीपाळीने रोज तिघींनी दोन-दोन तास दिले तर दोन महिन्यांत ३६० तास होतात. त्याच प्रमाणात १८० किलो माल आला तर खर्च वजा जाता १८,००० उरतात, म्हणजे तासाला ५० रुपये, आठ तासांना ४००. आकडे मी धरलेले आहेत. भाव पडला, बियाणं खराब निघालं तर ते बदलतील. पण घरोघरी विखुरलेलं काम आणि एकत्र काम यांतला फरक त्यातून दिसतो. सगळ्या पिशव्या एकदम न लावता दर आठवड्याला थोड्या लावाव्यात, म्हणजे माल एकदम अंगावर येत नाही. ताजी धिंगरी फ्रिजशिवाय जेमतेम एक-दोन दिवस टिकते. नाशिकच्या बाजाराची स्वप्नं पाहण्याआधी जव्हारचा आठवडी बाजार, खाणावळी, शाळा-कचेऱ्यांतले कर्मचारी एवढं गिऱ्हाईक बांधावं.

माझ्या अनुभवात पैशापेक्षाही मोठा फरक दुसराच आहे. घरातल्या पिशव्यांचे पैसे घरात विरून जातात. शेडमधल्या कामाची वही असते. कुणी किती तास दिले ते लिहिलं जातं, आणि पैसे बाईच्या नावावर जमा होतात. एका पाड्यावर अशी वही सुरू झाली तेव्हा एक वयस्क बाई म्हणाल्या, "ताई, माझं काम कुणी लिहून ठेवलं असं पहिल्यांदाच झालं."

नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून बायकांच्या हाती कर्ज आलं. पण जागा, पाणी आणि बाजार यांवर हक्क त्यासोबत आला नाही. शेड कुणाच्या जमिनीवर? बहुतेकदा कुणाच्या तरी नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या. धंदा चालायला लागला की जागा परत मागितली जाते. म्हणून शेड ग्रामपंचायतीच्या जागेवर, गटाच्या नावाने लेखी करार करूनच उभी राहिली पाहिजे. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या बायकांनी ग्रामसभेत हा ठराव मांडावा.

पोषणाबद्दलही एक शब्द. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव देशभर गेलं. तेव्हापासून इथे येणारी प्रत्येक योजना कुपोषणावर उपाय म्हणून येते, अळिंबीसुद्धा. ताज्या अळिंबीत शंभरातले नव्वद भाग पाणीच असतं, प्रथिनं तीन भागांच्या आसपास. ती चांगली भाजी आहे, पण डाळ, अंडी आणि वेळेवर मिळणारा अंगणवाडीचा आहार यांची जागा ती घेणार नाही. सरकारने आपली जबाबदारी बाईच्या पिशवीत भरू नये.

आणि ज्यांना आपण 'शिकवायला' जातो त्या बायकांना अळंबी नवी नाही. पहिल्या पावसानंतर वारुळापाशी कोणती उगवते, कोणती खायची आणि कोणतीला हात लावायचा नाही, हे त्यांना आजीपासून माहीत आहे. ती वारुळावरची अळंबी अजूनही शेतात पिकवता आलेली नाही. प्रशिक्षणाची सुरुवात त्यांच्या या माहितीपासून का होऊ नये?

मैत्रिणींनो, तुमच्या गटाकडे अळिंबीची योजना आली तर नाही म्हणू नका. पण सही करण्याआधी बैठकीत पाच प्रश्न विचारा. जागा कुणाच्या नावावर? पाणी आणि सरपण कोण आणणार? बियाणं खराब निघालं तर भरपाई कोण देणार? माल कोण विकणार आणि पैसे कुणाच्या खात्यात? आणि आमच्या तासांचा दर किती धरला आहे? शेवटच्या प्रश्नाला 'फावल्या वेळातलं काम आहे हो' असं उत्तर आलं, तर कागद परत करा आणि दर लिहून आणायला सांगा.