‘नाही’ ऐकू गेले पाहिजे

दर वर्षी १ ऑगस्टला मुंबईच्या मानखुर्दमध्ये सकाळी शाळांत आणि संध्याकाळी वस्त्यांत भाषणे होतात. लोकमान्य टिळकांचे निधन आणि शाहीर अण्णा भाऊ साठे यांचा जन्म एकाच दिवशीचा, १ ऑगस्ट १९२०. त्यामुळे शाळेत टिळकांवर बोलणारे मूल पुढच्याच परिच्छेदात अण्णा भाऊंच्या वाटेगावला पोचते. स्टेशनाजवळच्या एका वस्तीचे नावच अण्णा भाऊ साठे नगर असल्याने इथे या दिवसाला घरच्या कार्याचे महत्त्व असते.

आठवी-नववीतली मुलगी पुढे येते. ‘आदरणीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो’ हे सगळे ती एका दमात म्हणून टाकते. तिसऱ्या-चौथ्या वाक्यापर्यंत आवाज इतका वर चढलेला असतो, की मानेच्या शिरा दिसायला लागतात. पुढे आणखी चढायला जागाच उरत नाही. जिथे खरोखर जोर द्यायचा, ते वाक्य येईपर्यंत घसा बसलेला असतो. टाळ्या मिळतात, बक्षीसही मिळते. पण ती काय म्हणाली हे शेवटच्या रांगेतल्या मुलांना सांगता येत नाही.

दोष मुलीचा नाही. भाषण लिहून दिले जाते, पाठ करून घेतले जाते, हातवारे बसवले जातात. आवाजाबद्दल मात्र तिला एकच सूचना मिळते : मोठ्याने बोल. वक्तृत्व स्पर्धांचे एवढे वेड असलेल्या महाराष्ट्रात श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचा, आवाज खाली कधी आणायचा हे बहुतेक शाळांत कुणी शिकवत नाही. ही उणीव साधी नाही आणि मानखुर्दसारख्या ठिकाणी तर ती फार महागात पडते.

ज्यांची जयंती साजरी होते त्यांच्याच कलेत हे शिक्षण तयार आहे. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची, असे म्हणतात. हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात राहिला, आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे करून गिरणगावापासून गावखेड्यांपर्यंत बोलत-गात राहिला. बार्शीच्या अमर शेखांचा पहाडी आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत ज्यांनी ऐकला, ते पुढे आयुष्यभर त्याबद्दल बोलत. पण शाहिराची ताकद नुसत्या पट्टीत नसते. पोवाडा नीट ऐकला तर त्यातली आखणी कळते. शाहीर कडवे उचलतो, वर नेतो आणि सोडतो. मागचे झीलकरी ‘जी जी’ म्हणत ते धरतात आणि तेवढ्यात शाहिराचा श्वास भरून होतो. मग तो गाणे थांबवून साध्या बोलण्यात प्रसंग सांगतो, आवाज खाली येतो, लोक पुढे सरकून ऐकू लागतात आणि त्यानंतरची चढण अंगावर येते. सलग ओरडणारा शाहीर अर्ध्या तासात संपेल. रात्र जागवणाऱ्याला विश्रांतीच्या जागा आधीच ठरवाव्या लागतात.

गाडगे महाराजांची रीत आणखी वेगळी. ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नसत. शेकडो माणसे एका तोंडाने हो-नाही म्हणत. कीर्तनकाराला उसंत मिळे आणि माणसे बोलण्यात गुंतत. प्रश्न विचारून थांबायला धीर लागतो. नवख्या वक्त्याला दोन सेकंदांची शांतताही खायला उठते, म्हणून तो ती ‘तर’, ‘म्हणजे’, ‘अं’ यांनी भरून काढतो. थांबण्याचा सराव हा बोलण्याच्या सरावाइतकाच करावा लागतो.

मानखुर्दमध्ये ओरडून बोलण्याची सवय का जडते, याचे कारण परिसरातही आहे. १९९२ साली लोकल खाडी ओलांडून वाशीला जाईपर्यंत मानखुर्द हे हार्बर मार्गाचे शेवटचे स्टेशन होते. आता दर काही मिनिटांनी दोन्ही बाजूंनी गाड्या धडधडत जातात. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर अवजड वाहनांची रांग तुटत नाही. अशा गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवले आणि आजही त्याला लोंबार परिणाम म्हणतात. लल्लूभाई कंपाऊंडमध्ये तर रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांतून हलवलेली कुटुंबे एकमेकींना खेटून उभ्या केलेल्या इमारतींत राहतात. दोन इमारतींमधल्या बोळात कुणी हाक मारली तर ती भिंतींवर आपटून दोनदा-तीनदा परत येते. या बोळात वाढलेले मूल चढ्या आवाजातच बोलणार. त्याला उद्धट समजणे अन्याय आहे.

ओरडण्याचा एक तोटा लक्षात येत नाही. आवाज ताणला की स्वर फुगतात आणि व्यंजने मागे पडतात. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांवरून. म्हणून ओरडणारा दुरून ऐकू येतो, पण समजत नाही. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. हा तोटा घशाच्या जोरावर भरून काढायला गेले तर हार ठरलेली. सावकाश बोलणे आणि अक्षरे सुटी ठेवणे हाच उपाय.

आता मराठीपुरती एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. क्रियापद शेवटी, नकारही शेवटी. ‘आमच्या चाळीला तीन महिन्यांपासून पाणी पुरेसे येत नाही’ या वाक्यात सगळा अर्थ शेवटच्या दोन शब्दांत आहे. नेमका तिथेच बोलणाऱ्याचा श्वास संपतो. वाक्य सुरू करताना छाती भरलेली, ‘तीन महिन्यां’पर्यंत आवाज खणखणीत, आणि ‘येत नाही’ ओठांतल्या ओठांत. समोरचा अधिकारी कागद चाळत असेल तर त्याच्या कानावर पडते ते ‘पाणी पुरेसे ये…’. तक्रार पोचत नाही. ‘भरपाई मिळाली नाही’, ‘आमची नावे यादीत नाहीत’, ‘आम्हाला नोटीस आली नव्हती’ अशी वस्तीतली बहुतेक गाऱ्हाणी ‘नाही’वर संपतात. त्यामुळे आवाजाचा पहिला धडा असा असावा : वाक्य लहान करा, क्रियापदाच्या आधी श्वास शिल्लक ठेवा, ‘नाही’ त्याच्या पूर्ण वजनाने म्हणा आणि मग थांबा. वर्गात पाच मुलांना एकेक वाक्य देऊन आणि बाकीच्यांना डोळे मिटून ऐकायला सांगून हे एका तासात दाखवता येते.

माईकबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण वस्तीतल्या कार्यक्रमात तो हमखास असतो आणि तो कसा धरायचा हे कुणी सांगत नाही. माईक तोंडासमोर सरळ धरून ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हटले की ‘भ’चा झोत जाळीवर आदळतो आणि कर्ण्यातून धप्प असा आवाज निघतो. प, फ, ब, भ या सगळ्यांचे तेच. तो हनुवटीच्या रेषेत, चार बोटे अंतरावर, किंचित तिरका धरला की हे टळते. दुसरी अडचण ‘एको’ची. गाण्याला बरा वाटतो म्हणून साउंडवाला तो चढवून ठेवतो आणि भाषणाच्या वेळी उतरवायला विसरतो. मग प्रत्येक अक्षर पुढच्या अक्षरावर सांडते आणि इमारतींच्या भिंती त्यात भर घालतात. बोलायला उभे राहणाऱ्याने ‘दादा, एको बंद करा’ एवढे सांगण्याचा संकोच करू नये. आवाज नीट पोचावा ही मागणी रास्त आहे.

माईक कुणाच्या हाती किती वेळ राहतो, हा प्रश्न याहून अवघड. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा नियम योग्यच आहे; आजारी माणसे आणि अभ्यास करणारी मुले वस्तीतच असतात. पण सत्कार, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची मनोगते यांतच साडेनऊ वाजतात. मग ज्या बाईने वर्षभर पाण्यासाठी हेलपाटे घातले तिला ‘ताई, दोन मिनिटांत आटपा’ असे सांगितले जाते. घाईत श्वास उथळ होतो, आवाज पातळ होतो, आणि वर पुन्हा बायकांना भाषण जमत नाही असा शेरा मारला जातो. तिला आवाज जाड करण्याची गरज नाही. तिला वेळ हवा, आणि थोडा सराव हवा.

असा सराव या परिसराने पाहिलेला आहे. अणुसंशोधन केंद्राच्या विस्तारासाठी १९७६ साली जनता कॉलनी उठवून तिथल्या लोकांना जवळच्या चिता कॅम्पला हलवले गेले. त्या कॉलनीच्या लढ्यातून पुढे आलेले जॉकिन अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या संघटनेसोबत काम करणारी महिला मिलन भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांतून उभी राहिली. पोलीस ठाण्यात, रेशन कार्यालयात एकट्यादुकट्याने जाऊन गप्प परत येण्यापेक्षा गटाने जायचे आणि बोलायचे, ही त्यांची रीत होती. आपल्या माणसांसमोर जे वाक्य चार वेळा बोलून झाले आहे, ते साहेबांसमोर अडखळत नाही. मोठमोठ्या व्यासपीठांवरचे वक्तेही यापेक्षा वेगळे काही करत नसतात.

आवाज ही जन्मजात देणगी आहे, ज्याला आहे त्याला आहे, हा समज मराठीत खोल रुजलेला आहे. तो खोडून काढणारे काम मराठी माणसांनीच केले. डॉ. अशोक दा. रानडे यांनी आवाजाची साधना हा अभ्यासाचा विषय मानून गायकांइतकेच नटांनाही शिकवले. डॉ. श्रीराम लागू नाटकाकडे पूर्णवेळ वळण्याआधी कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. स्वरयंत्र आतून कसे दिसते हे माहीत असलेला नट १९७० मध्ये ‘नटसम्राट’चा अप्पासाहेब बेलवलकर झाला. स्वरतंतू हे स्नायू आणि पातळ आवरण यांचे बनलेले असतात. बोलताना ते सेकंदाला शंभर-दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. खालून श्वासाचा पुरेसा आधार नसला की तो भार घशावर येतो. रोजच्या ताणाने त्यांवर गाठी धरतात.

आणि हा ताण सर्वांत जास्त कुणावर पडतो, तर मुलांना ‘मोठ्याने बोल’ सांगणाऱ्या शिक्षकांवर. अमेरिकेतल्या आयोवा आणि यूटा राज्यांत झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळपास ५८ टक्के शिक्षकांना आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झाल्याचे आढळले. इतर व्यवसायांत हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होते. मानखुर्दच्या रस्त्यालगतच्या शाळेत, भरलेल्या वर्गात, पंख्याच्या घरघरीवरून पाच-सहा तास शिकवणाऱ्या बाईंचा घसा किती सोसत असेल याची कल्पना करता येते. महिनाअखेरीस बसलेला आवाज त्या नोकरीचा भाग समजतात, आल्याचा तुकडा चघळतात आणि पुन्हा वर्गावर उभ्या राहतात. दोन-तीन आठवडे आवाज बसलेला राहिला तर घशाच्या डॉक्टरांना दाखवायला हवे, हे त्यांना सेवांतर्गत प्रशिक्षणात सांगितले गेले पाहिजे.

मुंबईत यासाठीची माणसे आहेत. नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा व श्रवण उपचाराचे शिक्षण दिले जाते. नायर महापालिकेचे आणि मानखुर्दमधल्या अनेक शाळाही महापालिकेच्या. नायरमधले विद्यार्थी जून-जुलैत मानखुर्द ज्यात येते त्या एम पूर्व विभागातल्या शाळांत आले, शिक्षकांचे घसे तपासले आणि श्वासाचे, थांबण्याचे चार पाठ शिकवून गेले, तर शिक्षकांकडून ते मुलांपर्यंत आणि मुलांकडून घरापर्यंत जायला वेळ लागणार नाही. शिक्षण आणि आरोग्य ही दोन्ही खाती एकाच पालिकेची आहेत; सुरुवात एका शाळेपासूनही करता येईल.