भेट द्यायला जाताना…

पितृपंधरवडा जवळ आला की आमच्या महिला मंडळाच्या बायकांचे फोन वाजायला लागतात. "अहो ताई, सासूबाईंच्या नावानं एक जेवण द्यायचंय. तुमच्या ओळखीत एखादा आश्रम आहे ना? वारज्यापासून फार लांब नको. आणि रविवारच बघा हं, बाकीच्या दिवशी ह्यांना वेळ नसतो." पंधरवडा संपला की दिवाळीचा फराळ, मग सव्वीस जानेवारी, आणि वर्षभर मुलांचे वाढदिवस. 'यंदा हॉटेलात नको, अनाथ मुलांसोबत साजरा करू' असं म्हणणारे आईवडील आता पुष्कळ झाले आहेत. चांगलंच आहे. मन मोठं असल्याशिवाय का कुणी घरच्या कार्याचा खर्च परक्या लेकरांवर करील?

पण गेली बरीच वर्षं अशा संस्थांमध्ये जाऊन-येऊन असल्यामुळे मला जे दिसतं, ते आज मैत्रिणींशी स्पष्टच बोलायचं आहे. आपण तिथं 'भेट द्यायला' जातो. म्हणजे नेमकं काय द्यायला जातो?

रविवारचं चित्र सांगते. सकाळी अकराला एक कुटुंब येतं. मुलं रांगेत बसतात, प्रार्थना म्हणून दाखवतात. केक कापला जातो, टाळ्या वाजतात. मुलांच्या हातात खाऊच्या पुड्या देताना फोटो निघतात. पुडी हातात पडली तरी फोटो नीट आला नाही म्हणून ती परत घेऊन पुन्हा दिली जाते! दुपारी दुसरं कुटुंब, संध्याकाळी तिसरं. गुलाबजाम उरतात, भात उरतो. सोमवारी संस्थेच्या ताई हिशेब घेऊन बसतात, तेव्हा विजेचं बिल तसंच पडलेलं असतं, रात्रपाळीच्या मावशींचा दोन महिन्यांचा पगार थकलेला असतो. पंचपक्वान्नांना दाते मिळतात. मावशींच्या पगाराला मिळत नाहीत, कारण पगाराचा फोटो निघत नाही.

सातवीतल्या एका मुलीनं मला सहज, कसलीही तक्रार नसल्यासारखं सांगितलं होतं, "काकू, रविवारी अभ्यास होत नाही. पाहुणे असतात ना!" आपल्या घरी दर रविवारी तीन-तीन अनोळखी कुटुंबं येऊन आपल्या मुलीला गाणं म्हणायला लावू लागली, तर आपण किती रविवार सहन करू?

आता फोटोचं. हा विषय मला फार जिव्हारी लागलेला आहे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दोन मुलांना घेऊन बाहेर पडलेली एक बाई एका संस्थेत राहत होती. तिथं एक गट साड्या वाटायला आला. त्यातल्या कुणीतरी हौसेनं फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला. तो फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर करत कुठंकुठं फिरला, देव जाणे! तिसऱ्या दिवशी तिचा दीर संस्थेच्या फाटकाशी उभा. त्याच रात्री तिला मुलांसकट दुसऱ्या गावच्या संस्थेत हलवावं लागलं. मोठ्या मुलीची वार्षिक परीक्षा पंधरा दिवसांवर होती. एका साडीच्या बदल्यात त्या पोरीची शाळा गेली. साडी देणाऱ्या बाईंना आजही याचा पत्ता नसेल. त्यांनी वाईट हेतूनं काहीच केलं नव्हतं.

मुलांच्या बाबतीत तर कायदाच आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे. वर्तमानपत्रातच नव्हे, संपर्काच्या कुठल्याही माध्यमात. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वाढदिवसाचे फोटो टाकणाऱ्या किती जणींना हे ठाऊक आहे?

कायद्याचं सोडा. आपण पुणेकरांना ही गोष्ट कायद्यानं शिकवावी लागावी याचंच नवल वाटतं. १८६३ साली याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथं गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा इथंच ठेवावं, अशी त्यांची जाहिरात होती. त्या काळात त्या बायकांना अन्नाइतकीच गरज होती ती आपलं नाव कुणाला न कळण्याची, हे त्या दोघांनी ओळखलं होतं. इथंच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं. तोच यशवंत पुढं डॉक्टर झाला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, मोबाईल नसताना, या नवराबायकोला जे समजलं ते आपल्याला का समजू नये?

आसरा म्हणजे काय असतो, हे समजून घ्यायचं तर 'माहेर'ची सुरुवात आठवावी. १९९१ मध्ये एक गरोदर बाई सिस्टर लुसी कुरियन यांच्याकडे मदत मागायला आली. नवरा जिवावर उठला होता. कॉन्व्हेंटमध्ये तिला ठेवून घेण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवून दिलं. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. त्या रात्रीनं सिस्टरना स्वस्थ बसू दिलं नाही आणि १९९७ मध्ये पुण्याजवळ वढू बुद्रुकला 'माहेर' उभं राहिलं. अशा घराच्या आत असलेली प्रत्येक बाई कुठल्यातरी रात्रीतून वाचून आलेली असते. आपण ज्याला 'कार्यक्रम' म्हणतो तो तिच्या अंगणात चाललेला असतो.

यावर कुणी म्हणेल, मग काय जायचंच नाही का? बंद करून टाकायच्या का भेटी? मुळीच नाही. उलट जायलाच हवं. बाहेरचं कुणी फिरकत नाही अशा संस्थेत आत काय चालतं हे कळायला मार्ग राहत नाही. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले भयंकर अत्याचार २०१८ मध्ये उघडकीस आले, ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लोकांनी पाहणी करताना मुलींशी नीट बोलून घेतलं म्हणून. तेव्हा बाहेरचे डोळे हवेतच. पण वर्षातून एकदा केक घेऊन आलेल्या पाहुण्याजवळ कुठली मुलगी मन मोकळं करील? दर बुधवारी गणित शिकवायला येणाऱ्या काकूंना मात्र ती आज गप्प का बसली आहे, एवढं तरी नक्की दिसतं.

अशा भेटीचा धडा आम्हा वारजेकरांना लांब शोधायला जायला नको. वारज्याहून गावात जाताना कर्वेनगर लागतं, तेच जुनं हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. अण्णा तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. कॉलेज संपलं की ते पुण्याहून चालत हिंगण्याला जात, लागणारं सामानसुमान घेऊन. तिथल्या मुलींना शिकवत आणि परत येत. ऊन असो, पाऊस असो, चिखल असो! याला म्हणावं 'भेट देणं'. आज आपण त्याच रस्त्यावर सिग्नलला दोन मिनिटं थांबलो तरी कुरकुरतो.

आणि त्यांच्या आश्रमातल्या बायका जन्मभर घेणाऱ्याच राहिल्या का? पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. आश्रमात आल्या, शिकल्या, आश्रमाचा कारभार सांभाळू लागल्या, गावोगाव फिरून त्यांनी आश्रमासाठी निधी जमवला. पुढं थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. आपण ज्यांना 'बिचाऱ्या' म्हणून पुडी देतो, त्यांच्यात एखादी पार्वतीबाई बसलेली असेल, असं आपल्या मनात तरी येतं का?

आमच्या मंडळानं म्हणूनच काही साधे नियम केले आहेत. एक, जाण्याआधी फोन करून 'काय हवंय?' हे विचारायचं आणि जे सांगतील तेच न्यायचं. सॅनिटरी पॅड, पावसाळी चपला, चष्म्यांचे नंबर, दातांचा डॉक्टर अशा गोष्टी निघतात. आपल्याला सुचतही नाहीत. दोन, जुने कपडे न्यायचे तर आपण स्वतः घालू असेच. तीन, मोबाईल पर्समध्ये. चार, 'तू इथं कशी आलीस? आईबाबा कुठं असतात?' हा प्रश्न कुणालाही विचारायचा नाही. ती सांगेल तेव्हा ऐकायचं. पाच, मोठी रक्कम एकदा देण्यापेक्षा छोटी रक्कम दरमहा द्यायची, आणि ती पगार-विजेसाठी वापरा असं आवर्जून सांगायचं. सहा, संस्था नोंदणीकृत आहे का, हिशेब दाखवते का, हे बिनधास्त विचारायचं. चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही.

आणखी एक गोष्ट भेटीला जाणाऱ्या फार थोड्यांना माहीत असते. संस्थेतल्या कितीतरी मुलांची आई जिवंत असते. धुणीभांडी करते, पण पोरांना दोन वेळचं घालणं आणि कामावर असताना त्यांना सांभाळणं तिला जमत नाही, म्हणून काळजावर दगड ठेवून तिनं त्यांना तिथं ठेवलेलं असतं. एक पालक गमावलेल्या, किंवा घरची परिस्थिती अगदीच हलाखीची असलेल्या मुलांसाठी आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. मूल घरीच राहतं आणि त्याच्यासाठी दरमहा मदत मिळते. पण अर्ज, दाखले, बालकल्याण समितीपुढं उभं राहणं, हे त्या माउलीला एकटीला झेपत नाही. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईचा असा एक अर्ज भरून दिला, दोन दिवस तिच्याबरोबर कचेरीत बसलो, तर एका मुलाला आश्रमात जावंच लागणार नाही. मला तर ही सगळ्यात मोठी भेट वाटते. आणि रस्त्यात एकटं मूल दिसलं तर १०९८, बाई संकटात असली तर १८१, हे नंबर प्रत्येकीच्या फ्रिजवर चिकटवलेले असावेत.

आता शेवटचं, आणि सगळ्यात अवघड. मुलं अठरा वर्षांची झाली की बालगृह सोडतात. एकवीस वर्षांपर्यंतच्या अनुरक्षणाची तरतूद कायद्यात आहे, पण ती प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असं नाही. आपल्या घरची अठरा वर्षांची मुलगी एकटी बँकेत जायला बिचकते. या मुलींना मात्र त्या वयात पुण्यासारख्या शहरात छप्पर शोधायचं असतं.

अशाच दोन मुलींसाठी आम्ही इथं, वारज्यात, खोली शोधत होतो. एक नर्सिंगचा कोर्स करणारी, दुसरी कापडाच्या दुकानात नोकरीला. दोघी हुशार, नीटनेटक्या. तीन सोसायट्यांमध्ये बोलणी झाली. भाडं कबूल, अनामत कबूल. मग प्रश्न यायचा, "पालक कोण?" संस्थेचं नाव सांगितलं की चेहरे बदलायचे. "तसं नाही हो ताई, पण उद्या काही झालं तर?" "आमच्याकडं फॅमिलीलाच देतात." "आमच्याही मुली मोठ्या आहेत ना!" या तीनपैकी एक सोसायटी दर दिवाळीत आश्रमासाठी चादरी गोळा करते. अगदी नेमानं, गेटवर पेटी ठेवून.

त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायला आपल्याला आवडतं. त्या आपल्या जिन्यात शेजारीण म्हणून उभ्या राहिल्या की मात्र आपल्याला भीती वाटते. कसली? त्यांना आईबाप नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा ना?

अखेर गणपती माथ्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेनं वरची खोली दिली. पोलीस पडताळणीच्या अर्जात ओळखीच्या व्यक्तीचं नाव लिहायचं होतं. मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. बाईंनी पेन घेतलं आणि आपल्या सुनेचं नाव-पत्ता लिहून टाकला. एवढंच म्हणाल्या, "रात्री यायला उशीर होणार असेल तर फोन करत जा गं, मी जागी असते."

तुमच्या सोसायटीची पुढची सभा कधी आहे? पाण्याचा टँकर, पार्किंग, लिफ्टची दुरुस्ती हे विषय होतीलच. त्यांच्या खाली एक विषय आपण बायकांनी हट्टानं घालून घ्यावा. संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलींना इथं भाड्यानं घर द्यायला कुणाची हरकत आहे का? मोठ्यांदा विचारायचं, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं.