डिस्क माझी, गाणं कुणाचं?

घर शिफ्ट करताना माळ्यावर बाबांच्या सीडींचा खोका सापडला. ऐंशीएक सीडी. भीमसेन, किशोरीताई, जुनी हिंदी गाणी. वन बीएचकेत जागा नाही, लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. मग मी झकास प्लॅन केला: मित्राचा ड्राइव्ह आणायचा, सगळं हार्ड डिस्कवर उतरवायचं आणि सीडी विकून टाकायच्या. गाणीही आपली, पैसेही आपले!

वकील मैत्रिणीला सांगितलं, तर ती हसली. ‘‘कॉपी करणं ठीक, विकणंही ठीक. दोन्ही एकदम केलंस की लोच्या.’’

मग तिने फंडा समजावला. आपण विकत घेतो ती चकती, गाण्याचा हक्क नव्हे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तर पूर्वी असंही होतं, की सीडी आधी एकदा विकली गेली असली तरी ती विकण्याचा हक्क मालक कंपनीचाच. म्हणजे सेकंडहँड विक्रीही अडचणीचीच! २०१२च्या दुरुस्तीत ते शब्द गेले. त्यामुळे ओरिजिनल सीडी पुढे विकायला आता हरकत दिसत नाही. त्याच दुरुस्तीने खासगी वापरासाठीच्या रास्त वापराची सवलत रेकॉर्डिंगलाही मिळाली. पण सीडी विकून कॉपी ठेवली, की एका खरेदीत दोघांचं भागलं. तिथे ‘रास्त’ म्हणणं अवघडच. आणि कॉपी करून त्याच विकायच्या म्हटल्या तर थेट गुन्हा: सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड.

‘‘मग डाउनलोड केलेलं गाणं विकलं तर?’’ मी विचारलं. अमेरिकेत रीडीजी नावाच्या कंपनीने तो धंदा करून पाहिला. २०१८मध्ये तिथल्या अपील कोर्टाने नाही म्हटलं. फाइल दुसऱ्याकडे जाते तेव्हा नवी कॉपीच तयार होते ना! चकती मात्र हातातून हातात जाते.

रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, विकू का? ते म्हणाले, ‘‘विक की. पण आधी एकदा ऐक तरी.’’

तर आता साधा नियम केलाय. जी ठेवायची तीच उतरवायची. जी विकायची तिची कॉपी नाही. ऐकायला बसून तीन रविवार झाले. विकायच्या ढिगात आत्तापर्यंत चारच सीडी आहेत.

जागेचं बघू काहीतरी.