मुलांचे कान आणि घरातील धूर

तंबाखूच्या धुराचा विषय निघाला की फुप्फुसे आठवतात. कान कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. ते स्वाभाविकच आहे, कारण हा धूर कानाच्या छिद्रातून आत जात नाही. तो जातो नाकातून. नाकाच्या मागील बाजूपासून कानाच्या पडद्यामागील पोकळीपर्यंत, म्हणजे मध्यकर्णापर्यंत, एक बारीक नळी गेलेली असते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी याच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. आवंढा गिळताना ती क्षणभर उघडते, मध्यकर्णात हवा खेळते व पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहतो. तिच्या अस्तरावरील केसांसारखे सूक्ष्म तंतू आतील स्राव घशाकडे लोटीत असतात. धुराने अस्तर सुजते, तंतू मंदावतात, नळी तुंबते. लहान मुलांची नळी तर मुळातच आखूड, अरुंद व बरीचशी आडवी असते. मग कान ठणकतो, फुटतो, वाहू लागतो.

ठणका निदान रडण्यावरून कळतो. स्राव नुसताच साचून राहिला, तर मूल रडत नाही. त्याला थोडे कमी ऐकू येते, इतकेच. वर्गात ते पुन्हापुन्हा विचारते, पुढे विचारणेही सोडते, आणि आपण त्याच्यावर दुर्लक्षाचा शिक्का मारून मोकळे होतो.

प्रत्येक दुखऱ्या कानाचे कारण धूर असते, असे मुळीच नाही. परंतु आईबापांचे धूम्रपान मुलांच्या मध्यकर्णविकारास कारणीभूत होते, हे म्हणण्यास पुरेसा पुरावा असल्याचा निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ सालच्या अहवालाने दिला आहे.

या विषयावरील लेखन मराठीत आणताना मी एका शब्दापाशी नेहमी अडतो. दुसऱ्याचा धूर श्वासावाटे घेण्यास 'निष्क्रिय धूम्रपान' म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द मुळाला धरून आहे खरा. पण त्यात विडी ओढणारा दिसेनासाच होतो. मी 'लादलेले धूम्रपान' असे लिहितो. भाषांतरकाराने एवढी मोकळीक घ्यावी काय, असे कोणी विचारील. येथे ती घ्यावी, असे माझे मत आहे.

सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास आपल्या देशात २००३ च्या कायद्याने मनाई केली, व २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे अधिक कडक नियम अमलात आले. घराच्या उंबरठ्याशी मात्र हा कायदा थांबतो. खिडकी उघडल्याने धूर विरळ होतो, नाहीसा होत नाही. आणि सासऱ्यांना विडी घेऊन अंगणात जा, असे कोणती सून सांगणार? म्हणून, ज्या मुलाचा कान वरचेवर फुटतो त्याच्या पालकांना शिक्षकांनी व डॉक्टरांनी 'घरात कोण ओढते?' असे नि:संकोच विचारावे. प्रश्न बाहेरून आला, म्हणजे तिला तो काढावा लागत नाही.