आधी ओहम सांगा

गणपती तोंडावर आले की आमच्या ‘देवघेव’ सदरासाठी येणाऱ्या जाहिराती वाढतात. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या तारखा लागलेल्या असतात. कुणाला मोठा ॲम्प हवा असतो, तर कुणाला जुना काढून हलका घ्यायचा असतो. या जाहिराती वाचताना एक गोष्ट सतत खटकते. ‘५०० वॉट, कंडिशन एकदम चांगली, किंमत बसून ठरवू’ एवढ्यात मजकूर संपतो. हे ५०० वॉट किती ओहमला, ते लिहिलेले नसते. स्पीकर मूळचा आहे की त्याचा कोन बदललाय, ते नसते. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट छापलेत की १२०, तेही नसते. विकणारा मुद्दाम लपवतो असे आम्हाला वाटत नाही. त्याने स्वतः तो ॲम्प घेतला तेव्हा त्यालाही हे कुणी सांगितलेले नसते आणि त्यानेही विचारलेले नसते. म्हणून पुढच्या अंकापासून या सदराचे नियम आम्ही बदलत आहोत. ते का, हे सविस्तर सांगणे आमचे काम आहे.

वॉटच्या आकड्याने आपल्याकडे फार वर्षे दिशाभूल केली आहे. टेपरेकॉर्डर आणि होम थिएटरच्या खोक्यांवर पीएमपीओच्या नावाखाली हजारो वॉट छापून येत. त्या आकड्यामागे सर्वमान्य अशी कुठलीच मोजपद्धत नव्हती. ती सवय आपल्या धंद्यातही शिरली आणि आज नवशिका मुलगा दुकानात गेला की पहिला प्रश्न ‘किती वॉटचा?’ असाच विचारतो. बेसच्या ॲम्पवर खरा, सतत देता येणारा आरएमएस आकडा छापलेला असला तरी तो विशिष्ट लोडचा असतो. ट्रान्झिस्टरच्या किंवा क्लास-डी जातीच्या हेडवर ‘५०० वॉट’ लिहिलेले असेल तर ते बहुतेक वेळा ४ ओहमला. त्याच हेडला ८ ओहमचे एकच कॅबिनेट लावले की हाती येतात अडीचशे ते तीनशे. जाहिरात ५०० ची, पैसे ५०० चे, आणि मांडवात वाजतात निम्मे.

मात्र निम्मे झाले म्हणून आवाज निम्मा होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट विकत घेणाऱ्याला माहीत हवी. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दहापट. उलट कॅबिनेटची संवेदनशीलता, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर ते किती डेसिबल देते तो आकडा, ९४ ऐवजी १०० असेल तर १०० वॉटचा ॲम्प त्यावर ४०० वॉटच्या बरोबरीने वाजतो. एवढे असूनही त्या आकड्याची चौकशी आपण करत नाही. आमचे मत स्पष्ट आहे: हातातल्या पैशांतला मोठा वाटा कॅबिनेटवर घाला, हेड नंतर बदलता येते.

इतिहासही हेच सांगतो. ॲम्पेग कंपनीचा बी-१५ पोर्टाफ्लेक्स १९६० साली आला तो २५-३० वॉटच्या घरातला, १५ इंची एका स्पीकरचा. स्टुडिओंनी तो डोक्यावर घेतला आणि आजही बेसवादक त्याच्या आवाजाबद्दल हळवे होऊन बोलतात. मग मैफिली मैदानात गेल्या. १९६९ साली त्याच कंपनीने एसव्हीटी काढला, व्हॉल्व्हचे ३०० वॉट, आणि रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वाजला. पण एसव्हीटीचा दरारा एकट्या ३०० वॉटचा नाही. त्याखाली १० इंची आठ स्पीकरांचे कॅबिनेट असते आणि एवढे कोन एकत्र हलतात तेव्हा हवा ढकलली जाते. ते कॅबिनेट साठ किलोंच्या वर, हेड पस्तीसच्या वर. लोकलच्या लगेज डब्यातून ये-जा करणाऱ्याने त्याचा मोह धरू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

खर्जाचा हिशेब आणखी कडक आहे. चार तारांच्या बेसची खालची मोकळी ई सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि पाच तारांची बी ३१ हर्ट्झच्या आसपास. स्वर एक सप्तक खाली गेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा असेल, तर स्पीकरच्या कोनाला चौपट अंतर मागेपुढे व्हावे लागते. ई वरून बी वर उतरलात तरी ते अंतर जवळजवळ पावणेदोनपट होते. त्यात ॲम्पवरचे बेसचे बटन १० डेसिबलने चढवले तर त्या पट्ट्यात दहापट शक्ती मागितली जाते. छोट्या दहा इंची कॉम्बोचा कोन फाटतो तो असा. बाजारात ‘स्पीकर किंचित खरखरतो, बाकी ओके’ म्हणून येणाऱ्या कॉम्बोंमागे बहुधा हीच कहाणी असते. घेणाऱ्याने असा माल बंद खोलीत हळू आवाजात वाजवून पाहू नये. ई ची तार मोकळी सोडून, नेहमीच्या कार्यक्रमाइतक्या आवाजात निदान काही मिनिटे वाजवावी. व्हॉइस कॉइल घासत असेल तर ते तिथेच ऐकू येते. आवाज बंद असताना कोन दोन्ही हातांनी, सगळीकडून सारखा दाब देत हलकेच आत ढकलून पाहिला तरी घासण्याची कुरकुर बोटांना कळते.

आता लोडचे. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात, ४ ची दोन जोडली की २. हेडच्या पाठीवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलेले असताना २ ओहम लावले की ते तापते. नशीब चांगले असेल तर प्रोटेक्शनमध्ये जाऊन गाण्याच्या मध्येच गप्प होते, नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. व्हॉल्व्हच्या ॲम्पचा नियम वेगळा. त्याच्या मागे २, ४, ८ ओहमचे स्विच किंवा वेगवेगळे जॅक असतात, आणि स्पीकर जिथला तिथेच जुळवून लावावा लागतो. स्पीकर न लावता ट्रान्झिस्टरचा ॲम्प चालू केला तर सहसा काही बिघडत नाही. व्हॉल्व्हचा तसा चालू करून वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि एवढा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारा माणूस शोधायला लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, बरीच पायपीट करावी लागते. हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची कॉर्ड लावणाऱ्यांनाही एक विनंती: दोन्हीकडे सारखीच पिन बसते म्हणून वायर सारखी नसते. गिटारच्या कॉर्डची आतली तार बारीक असते, स्पीकरचा करंट तिला पेलत नाही. विकणाऱ्याने हेडबरोबर स्पीकरची जाड वायर द्यावी. ती स्पीकॉनची असेल तर उत्तम.

परदेशातून येणाऱ्या मालाबद्दल थोडे जास्त बोलायला हवे, कारण सध्या तो खूप येतो. भाचा न्यू जर्सीहून सुट्टीवर येतो, सामानात हलके हेड आणतो, मामा ते दोन वर्षे वाजवतात आणि मग सदरात जाहिरात देतात. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि जपानमध्ये १०० व्होल्ट. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. काही नव्या क्लास-डी हेडचा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत आपोआप जुळतो, काहींच्या मागे स्विच असतो, काहींच्या पोटात जम्पर बदलावा लागतो, आणि काही निव्वळ १२० चेच असतात. बाहेरून सगळे सारखे दिसतात. म्हणून पाठीवरची छोटी पट्टी वाचल्याशिवाय पिन बोर्डात घालू नये. नुसत्या १२० च्या ॲम्पला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो ॲम्पच्या खाण्यापेक्षा मोठ्या व्हीएचा घ्यावा. मिक्सर-ग्राइंडरच्या दुकानातला छोटा डबा इथे कामाचा नाही. पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलेला जुना ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, हेही लक्षात असू द्या. दुबईहून गोव्यात येणाऱ्या मालाला ही अडचण नाही. तिथली वीज आपल्यासारखीच आहे, फक्त पिन चौकोनी ब्रिटिश असते.

पिन बदलताना जे होते, त्याबद्दल मात्र आम्हाला अतिशय काळजी वाटते. तिसरी पिन तोडली जाते, किंवा दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर काम भागवले जाते, कारण ‘त्याने हम जातो’. हम जातो, पण त्याबरोबर अर्थिंगही जाते. बेस गिटारच्या तारा ब्रिजमधून कॉर्डच्या जाळीला आणि तिथून ॲम्पच्या चासिसला जोडलेल्या असतात. ॲम्पला अर्थिंग नसेल आणि आत काही बिघाड झाला, तर तो करंट तुमच्या बोटांपर्यंत येतो. त्याच वेळी ओठ माइकला लागले, माइक दुसऱ्या फेजवरच्या किंवा जनरेटरवरच्या मिक्सरला जोडलेला असला, की वर्तुळ तुमच्या शरीरातून पूर्ण होते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच गेला. वय २७. आपल्याकडे पावसाळ्यात, ओल्या फळ्यांच्या स्टेजवर, भाड्याच्या जनरेटरवर आपली मुले याच स्थितीत उभी असतात. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारांना, दुसरे माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर बेस खाली ठेवा आणि मांडववाल्याला अर्थिंग दुरुस्त करायला लावा. बोर्डावर ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी आहे का, हेही त्याला विचारा. कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी चालेल. हम घालवायला डीआय बॉक्सवर, म्हणजे बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर, ग्राउंड लिफ्टचे बटन असते. ते सिग्नलची जाळी तोडते, विजेची अर्थिंग तशीच राहते. तिसरी पिन तुटलेला ॲम्प विकू नका. नवी पिन काही मोठ्या खर्चाची गोष्ट नाही.

वाद्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे आपण बरेच जाणकार आहोत. नेक सरळ आहे का एवढे पाहून थांबू नका, ट्रस रॉड दोन्ही दिशांना फिरतो का ते विचारा. पूर्ण आवळलेला रॉड म्हणजे पुढे सुधारायला जागा नाही. कोकणात किंवा गोव्यात वापरलेल्या बेसचे ब्रिजचे स्क्रू आणि जॅक उघडून पाहावेत, खाऱ्या हवेचा गंज तिथे आधी दिसतो. पिकअप बदलले असतील तर तसे लिहावे. बदललेला भाग हा दोष नसतो, पण हेडस्टॉकवर दुसऱ्या कंपनीचे नाव चिकटवून विकणे ही फसवणूक आहे आणि असे वाद्य आमच्या सदरात येणार नाही.

किमतीबद्दल अनेक पत्रे येतात. जुने म्हणजे महाग, ही समजूत सोडावी. रोलंडचे टीबी-३०३ हे यंत्र बेसवादकाच्या जागी साथ देण्यासाठी काढले होते. ते त्या कामात जमले नाही, १९८४ मध्ये बंद झाले आणि सेकंड हँड बाजारात स्वस्तात मिळू लागले. पुढे शिकागोच्या मुलांनी त्यातून वेगळेच संगीत काढले आणि भाव चढले. मुंबईचे चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीतात बेस वाजवणारे. त्यांनी १९८२ साली त्याच यंत्राचा वापर करून रागांची तबकडी केली होती. अशा भावाला वस्तूच्या वयापेक्षा तिच्या इतिहासाचा आधार असतो. तुमच्या वीस वर्षांच्या ट्रान्झिस्टर कॉम्बोला तसा इतिहास नाही. त्याची किंमत तो आज किती नीट वाजतो आणि बिघडला तर सुटे भाग मिळतात का, यावर ठरते. विकणाऱ्यांनी हे मनावर घेतले तर घासाघीस निम्मी होईल.

आणि नवा मोठा ॲम्प घ्यायच्या आधी स्वतःला एकदा विचारा की तो ऐकणार कोण. मोठ्या स्टेजवर बेस डीआयमधून थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जातो, प्रेक्षकांपर्यंत पोहोचते ते पीएतून. मोटाउनच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सनचा बेसही थेट कन्सोलला जोडला जाई. स्टेजवरचा ॲम्प तुमच्या आणि ड्रमरच्या कानांसाठी. बारा इंची एका स्पीकरचे चांगले कॅबिनेट आणि हलके हेड एवढ्यात बहुतेकांचे काम भागते, आणि त्याला चांगला डीआय आउट असला की साउंडवाल्याशीही भांडण होत नाही.

तर, पुढच्या अंकापासून प्रत्येक जाहिरातीत हे छापले जाईल: किती ओहमला किती वॉट आणि किमान लोड किती, व्होल्टेज, स्पीकर मूळचा की बदललेला, आजवरची दुरुस्ती, अपेक्षित किंमत, आणि पावती आहे की नाही. सिरीयल नंबर आम्हाला कळवायचा, तो छापणार नाही. चोरीच्या वाद्याची तक्रार आली तर तो ताडून पाहता येईल. ‘किंमत बसून ठरवू’ यापुढे चालणार नाही. फक्त १२० व्होल्टवर चालणाऱ्या मालाच्या मथळ्यातच तसे लिहिलेले असेल. या महिन्यात आलेल्या जाहिराती थांबवून ठेवल्या आहेत. त्या पाठवणाऱ्यांना आम्ही एकेकाला फोन करत आहोत.

कॅबिनेटवरची पट्टी निघून गेली असेल आणि ओहम माहीत नसतील तर मल्टिमीटर घ्या. कॅबिनेट हेडपासून सोडवा, मीटर ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर ठेवा आणि कॅबिनेटला लावलेल्या वायरच्या मोकळ्या पिनच्या दोन भागांवर (टोक आणि दांडा) आकडा घ्या. ८ ओहमचे कॅबिनेट साधारण साडेपाच ते सात दाखवते, ४ चे तीन ते साडेतीनच्या आसपास. डीसी रोध छापील आकड्यापेक्षा कमीच असतो, म्हणून गोंधळू नका. मीटरवर आला तोच आकडा लिहून पाठवा, छापायचे काय ते आम्ही त्यावरून ठरवू.